पोचा

नोव्हेंबरात आर्हूसला चार वाजताच दिवेलागण होते.
आमच्या दुकानात ती कधी संपतच नाही :
एकशे चाळीस दिवे, सगळे चालू,
आणि एकाखालीही कुणी जेवत नाही.

एकोणीस वर्षं मी इथं उभी आहे.
खुर्च्या पुष्कळ, पण त्या विकायच्या.
टेराझोची फरशी काय चीज आहे
ते माझ्या टाचांना विचारा.

ते दोघं आले, तेव्हाच ओळखलं, नवं लग्न नाही.
नवी जोडपी आधी सोफ्यावर लोळतात,
मग हळूच किमतीची चिठ्ठी उलटतात,
आणि उठताना उशी होती तशी ठेवतात.
हे हातभर अंतर राखून चालत होते,
मधून एखादं पोर चालत असावं तसे.

त्यानं फोनवर फोटो दाखवला.
जेवणाचं टेबल, वर तांब्याचा दिवा,
उपड्या वाडग्यासारखा.
"हाच हवा. अगदी हाच."
"जुना बिघडला का?"
"नाही," ती म्हणाली, "तो ह्याच्याकडे राहिला."

रूना सात वर्षांची.
एक आठवडा आस्गेरकडे, एक मायकनकडे.
ब्रश दोन्हीकडे, रेनकोट दोन्हीकडे,
मांजराचं अजून ठरायचंय.
पण आईकडे ती ताटावरून उठते,
म्हणते, इथले बटाटे करडे दिसतात.

अठरा हजार क्रोनर, मी म्हणाले.
मायकननं काढलेले हातमोजे पुन्हा घातले.
"निम्मे माझे," तो म्हणाला.
इतक्यात बरंच काही निम्मं केलं असणार त्यांनी,
शब्द सराईतासारखा आला.

टेबलापासून किती उंच टांगायचा?
साठ सेंटिमीटर, मी सुचवलं.
"बावन्न," दोघं एकदम म्हणाले
आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मग आस्गेर वाकला, दिव्याभोवती फिरला, पुन्हा फिरला.
"ह्याला पोचा नाही."

घरच्याला आहे.
फेब्रुवारीतल्या सणाला मुलं काठीनं पिंप फोडतात,
रूनानं ती काठी घरातच फिरवली होती.
तिथं उजेड जरा मुरडतो,
तिच्या ताटात कोयरीएवढा डाग पडतो.
शेवटचा घास ती त्या डागात ठेवते.
आधी खाल्लेला चालत नाही.

तळघरात एक होता.
प्रेबेन शिडीवरून पडला, तेव्हा सोबत पडलेला.
भंगारात द्यायचा म्हणून तीन वर्षं राहिलेला.
मी धूळ पुसून आणला, लावला.

आस्गेर गुडघे दुमडून बसला, सात वर्षांच्या उंचीला.
मी शोकेसमधली ताटली मांडली,
लाकडी लिंबं काढून घेतली.
मायकन दिवा तारेवर फिरवू लागली.
"थोडा तुझ्याकडे."
"अजून. नाही, माझ्याकडे नको, तिच्याकडे."
ताटलीत उजेड आला.
कोयरी नव्हती. पसरट होतं काहीतरी,
पावाच्या कडेसारखं.

"पकडेल ती," मायकन म्हणाली.
"पहिल्याच दिवशी."
"हं."
बराच वेळ दोघं ताटलीकडे बघत राहिले.
"घेऊ."

सदोष मालाला चाळीस टक्के सूट.
दोष कुठला, ते पावतीवर लिहावं लागतं.
मी पेन धरून राहिले,
मग लिहिलं, डावीकडे, खाली.
"दोन पावत्या करा," ती म्हणाली.

खोकं तिच्या तीनचाकी सायकलीच्या पेटीत मावेना.
त्यानं ते बाहेरून धरलं, तिनं पॅडल मारलं,
आणि पुलापर्यंत तरी
दोघांना एकाच वेगानं जावं लागलं.

सहाला प्रेबेन दिवे मालवायला आला, एकेक करून,
खटका दाबला की झालं, असं त्याला चालत नाही.
मी सांगितलं, तुझं पडणं खपलं आज.
कमरेवर हात ठेवून म्हणाला,
"इथंही पोचा आहे.
बघ कुणी विचारतंय का."